राखण

वडील आता गाड्या राखतात.
उलानबातरच्या उत्तरेला, बाजारामागच्या मैदानात,
रात्री दहा ते सकाळी सात.
पत्र्याची खोली, शेगडी, शिट्टी,
आणि कंपनीचं जाकीट,
पाठीवर आधीच्या राखणदाराचं नाव.

पहिल्या रात्री मालकानं वही दिली: नंबर लिहीत जा.
वडिलांना आकडे येतात.
पण कळप आकड्यानं मोजू नये, दृष्ट लागते.
त्यांनी रंग लिहिले.
कुमैत, दाराजवळ.
अबलख, एका डोळ्यानं अधू.
पंचकल्याणी, नवी, कुणाला जवळ येऊ देत नाही.
मालक हसला.
मग एक गाडी चोरीला गेली, आणि पोलिसांना ती
वहीतल्या ओळीवरून सापडली:
काळा, डाव्या फऱ्यावर ओरखडा.
आता मालक हसत नाही.

आमच्याकडे घोड्याला नाव ठेवत नाहीत. रंग हेच नाव.
त्या हिवाळ्यात एकशे बारा नावं गेली.
(मोजली मी. वडिलांनी नाही.)

उन्हाळा कोरडा गेला, तसे जातात अधूनमधून.
पण मग भर थंडीत पाऊस आला,
जिथे त्या दिवसांत नुसतं बर्फ भुरभुरतं तिथे पाऊस,
आणि रात्रीतून गोठला.
गवत होतं. जिथल्या तिथे होतं, काचेखाली,
दिसतही होतं.
घोडे खुरांनी काच फोडत राहिले.
काच लाल झाली, फुटली नाही.
सकाळी काही उभेच होते.
वडील एकेकाच्या मानेला हात लावायचे
आणि आईकडे बघून नकारार्थी मान हलवायचे.
दुपारनंतर मान हलवणंही सोडलं.

मी वॉर्डाच्या कचेरीत असते, शहरात आलेल्यांची नोंद घेते.
रकाना सात: स्थलांतराचं कारण.
नोकरी, शिक्षण, लग्न, आजारपण, इतर.
सगळे त्या 'इतर'मध्ये येऊन राहतात,
खेटून, एकमेकांचा कोळसा मागत.
नुकसानीच्या तक्त्यात एक घोडा म्हणजे सात मेंढ्या.
माणूस म्हणजे किती, तो तक्ता वरून आलेला नाही.

आईचा अर्जही मीच भरला.
व्यवसाय?
"लिही, दूध काढते."
"कुणाचं?" मी विचारलं.
कचेरीच्या खुर्चीत बसून विचारलं.
पोटच्या पोरीनं असं विचारू नये.

तेमूलेन शाळेतून शिकून आला:
"बाबा, ह्या गाड्यांच्याच धुरानं हवा फिरली.
ह्यांनीच आपले घोडे मारले.
आणि तुम्ही ह्यांचीच राखण करता?"
वडील जेवत होते. हाड पुरतं साफ केलं,
सुरी बाहीला पुसली.
"जनावराचा दोष नसतो.
ज्याच्या दावणीचं, त्याला विचार."
"कुणाच्या दावणीचं?"
वडिलांनी वर पाहिलं, तंबूच्या गोल झरोक्यातून.
तिथे आभाळ असतं एरवी.
आमच्याच शेगडीचा धूर होता.

फेब्रुवारीत, उणे अडतीसच्या पहाटे,
एक पांढरी गाडी सुरू होईना.
गाडीवाली परिचारिका, पाळीला उशीर झालेला,
आधी किल्ली फिरवत राहिली, मग चाकाला लाथा,
मग स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली.
वडिलांनी जाकीट काढलं. त्याखालचा
घरचा अस्तरी अंगरखाही काढला,
आणि तिच्या गाडीच्या नाकाडावर पांघरला.
शेगडीतले निखारे पत्र्यावर घालून पोटाखाली सरकवले.
अंगात नुसता स्वेटर. एक हात टपावर.
काय पुटपुटत होते, तिला कळलं नाही.
मला सांगितलं असतं तर कळलं असतं.

तीन पाव तास.

ती नोट देऊ लागली. त्यांनी घेतली नाही.
"लांब नेता का हिला?"
"इस्पितळापर्यंत."
"परतताना दमवू नका," म्हणाले.

वही मी नंतर पाहिली, डबा घेऊन गेले तेव्हा.
त्या तारखेला एकच ओळ,
पेन गोठलेलं असावं, अक्षर दोनदा गिरवलेलं:

पांढरी. पहाटे बसली होती. उठली.